सात अक्षरं आणि एक खार

२ फेब्रुवारी

लेन्सवाली कंपनी दर वर्षी दुकानात एक डायरी फुकट देते. आजवर त्या डायऱ्यांचा उपयोग टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली झाला. लिहायला घेतलेली ही पहिलीच, कारण दुसरं करण्यासारखं काही उरलेलं नाही. डॉक्टरांनी माझी छाती उघडली, हृदयाचं नळकाम केलं, परत शिवली आणि घरी पाठवताना बायकोला बजावलं: जड उचलू द्यायचं नाही, चिडू द्यायचं नाही, कसलाही धक्का बसू द्यायचा नाही. सकाळ-संध्याकाळ व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालायचं, असंही म्हणाले. ते मला ऐकू आलं नाही असं मी धरून चाललो आहे.

चष्म्याचं दुकान पुतण्या बघतो. मी खिडकीपाशी आरामखुर्चीत बसून माझेच टाके मोजतो.

दुपारी लेकीचा फोन आला. ती नवऱ्याबरोबर दूर समुद्रापलीकडे असते. बायको फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटून घेतलं. बाहेर आली तेव्हा डोळे लाल.

"काय झालं गं?"

"काही नाही. कांदा चिरत होते. नात सायकलवरून पडलीय म्हणे. पाय मुरगळलाय."

ओट्यावर कांदा दिसला नाही. माझ्या आजारपणाचं बिचारीने फारच मनाला लावून घेतलंय.

५ फेब्रुवारी

बायकोला नवीन छंद लागला आहे. लेकीने सुचवलेला एक इंग्रजी शब्दांचा खेळ पुतण्याने तिच्या फोनवर टाकून दिलाय. चौकोनी घरांचा पट, हातात सात अक्षरं. त्यातून शब्द करायचा आणि पटावरच्या आधीच्या शब्दाला जोडून लावायचा. प्रत्येक अक्षराला गुण. समोरच्याने लावला की फोन 'टिंग' करतो.

आता गंमत अशी की माझ्या बायकोचं इंग्रजी दुकानांच्या पाट्यांपुरतं. अक्षरं येतात, शब्द मोजून वीस. तरी फोन नाकाला लावून बसलेली.

"समोर कोण खेळतंय?" मी विचारलं. नावाच्या जागी नुसतं खारीचं चित्र होतं.

"असेल कोणीतरी. जगात माणसांना काय तोटा?" मग फोन माझ्यापुढे धरून म्हणाली, "अहो, या सातातून काय होतं बघा ना. तुम्हाला रिकामा वेळ आहे."

रिकामा वेळ! दुखणाइताला असं बोलतात? पण मी बघितलं. 'पी' होता, 'एल' होता, 'ए', 'टी', 'ई' होते. 'प्लेट' म्हणालो. तिने ती लावली. तिकडून टिंग. खारीने 'बेड' लावला. कॉट-गादीतला बेड. म्हटलं, खार काही फार हुशार दिसत नाही.

९ फेब्रुवारी

पुतण्याकडून दुकानातली जाडजूड डिक्शनरी मागवली. लेक शाळेत असताना तिच्यासाठी घेतलेली. तेव्हा तिने उघडली नाही, आता तिचा बाप भिंग घेऊन बसलाय.

काय सांगू! चाळीस वर्षं मी भिंतीवरच्या तक्त्यावरची हीच अक्षरं लोकांना वाचायला लावली. वर मोठा 'ई', त्याखाली 'एफ', 'पी', त्याखाली 'टी', 'ओ', 'झेड'. माझ्या दुकानात कुठल्याच ओळीचा शब्द होत नसे, होऊ द्यायचाच नसे. शब्द झाला की गिऱ्हाईक अंदाजाने ठोकून देतं. लायसनसाठी येणारे ड्रायव्हर तर तक्ता पाठ करून यायचे आणि डोळे मिटूनही बिनचूक सांगायचे. म्हणजे आयुष्यभर माझं काम काय, तर अक्षरांना एकमेकांपासून लांब ठेवणं.

आणि आता बघतो तर ती सव्वीसच पोरं. तीच उलटसुलट उभी राहतात आणि या पुस्तकातलं सगळं होतात. देव, दगड, दूध, दातदुखी, सगळं. भिंग बाजूला ठेवून मी बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिलो. बायकोने येऊन नाडी तपासली.

१३ फेब्रुवारी

आज मी चिडलो. डॉक्टरांची आज्ञा मोडली, पण माझा इलाज नव्हता.

आता मी अडचणीच्या अक्षरांचे शब्द गोळा करतो. 'क्यू' असलेले, 'एक्स' असलेले, 'झेड' असलेले. ही अक्षरं कोणाला नको असतात, म्हणून त्यांना गुण जास्त. आणि आज बायकोच्या हातात 'क्यू' आणि 'झेड' दोन्ही! सोबत 'यू', 'ए', 'आर', 'टी'. माझ्या अंगावर काटा आला. क्वार्ट्झ! गारगोटीचा दगड. घड्याळातही असतो. हा शब्द आख्ख्या जन्मात एखाद्याच्याच हाती येत असेल.

तिला अक्षरं कशी लावायची ते बोटाने दाखवलं, आणि पाणी प्यायला आत गेलो. परत येतो तर तिने 'रॅट' लावलेला. आर, ए, टी. उंदीर!

"अगं, काय केलंस हे?"

"हाच शब्द मला येतो," ती शांतपणे म्हणाली.

"मी सांगितलं होतं ना तुला!"

"असू दे हो. तिला जिंकू दे. मला काय बक्षीस मिळणार आहे?"

डोंगर पोखरून उंदीर काढतात असं ऐकलं होतं, आज डोळ्यांनी बघितलं. असं ती नेहमीच करते, हेही आज ध्यानात आलं. मी सांगितलेला चांगला शब्द सोडते, दोन दमड्यांचा लावते, आणि प्रत्येक डाव हरते. हरून वर खूश. ही कसली खेळायची रीत? समोरच्याचाही अपमानच की.

१७ फेब्रुवारी

खार कोण याचा मी छडा लावला आहे. इतके दिवस डोळे उगाच नाही तपासले.

तिचे शब्द बघा. बेड. पिलो. नर्स. मध्ये एकदा 'पेन', म्हणजे लेखणीचा नव्हे, दुखण्याचा. काल 'सीलिंग', म्हणजे छत. तर ही बाई एखाद्या दवाखान्यात नर्स आहे. रात्रपाळी असणार, कारण भलत्या वेळी खेळते. काही दिवस सलग वीस-वीस डाव, मग दोन दिवस अजिबात नाही. ड्यूटी बदलत असेल.

मोठ्या ऐटीत बायकोला सांगितलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "दुकानात जगाला चष्मे दिलेत, स्वतःला एक घ्या," आणि उठून गेली. माझ्या हुशारीचं घरात कधी कौतुक झालं आहे?

लेकीला फोन लाव म्हटलं, मुरगळलेल्या पायाची चौकशी करतो. तर म्हणे नात झोपलीय. परवाही झोपलेली. तशी ती फोनवर आली तरी आमचं संभाषण 'हाय आजोबा' इतकंच. तिचं इंग्रजी रेल्वेसारखं सुटतं, मी फलाटावरच राहतो. माझं मराठी तिला कळत नाही. नऊ वर्षांची झाली आणि तिच्याशी चार वाक्यं धड बोललेलो नाही. याचं वाईट वाटतं.

२१ फेब्रुवारी

डॉक्टरांकडे जाऊन आलो. छातीला वायरी लावून कागदावर डोंगरदऱ्या काढल्या. "रिदम छान आहे," म्हणाले. "चालता ना?" मी मान अशी हलवली की तिचा काहीही अर्थ निघावा. बायकोने चुगली केलीच.

घरी आल्यावर 'रिदम' डिक्शनरीत काढला आणि थक्क झालो. सहा अक्षरं, आणि त्यात ए, ई, आय, ओ, यू यातलं एकही नाही. स्वरांशिवाय बाकीची अक्षरं मुकी असतात असं शाळेत शिकवलं होतं. आणि इथे 'वाय'ला मध्ये उभं करून ही मंडळी खुशाल ठेका धरतात. तोच ठेका माझ्या छातीत. हात ठेवून ऐकत बसलो. एवढे दिवस मी त्या ठिकाणी फक्त दुखणं ऐकत होतो.

बायकोला सांगायला गेलो तर ती फोनवर लेकीशी बोलत होती. "सत्तावीसला नक्की ना?" एवढंच कानावर आलं. मला बघून विषय बदलला.

२४ फेब्रुवारी

माझ्या हातून एक गोष्ट घडली आहे. लपवायची म्हणून इथे लिहितो.

बायको सकाळी बाजारात गेली आणि फोन टेबलावर विसरली. फोनने टिंग केलं. मी फक्त बघायला म्हणून उचलला. खारीने 'सॅड' लावला होता. आमच्या हातात एच, ओ, आर, आय, झेड, ओ, एन.

आधी मला काहीच दिसलं नाही. मग नजर थोडी सैल सोडली. दूरचं दिसायला माणूस डोळा सैल सोडतो ना, तशी. आणि अक्षरं आपली आपण सरकून उभी राहिली. होरायझन. क्षितिज! सातच्या सात, एकही न उरता. सातही एकदम लावली की वर पन्नास गुण. आणि खाली तिप्पट गुणांचं लाल घर मोकळं.

मी स्वतःला समजावलं की फोन माझा नाही, डाव माझा नाही. पण क्वार्ट्झचा उंदीर झालेला मी पाहिला होता. क्षितिजाचं काय चिलट करू द्यायचं होतं? लावला. त्या पटावर तो शब्द या टोकापासून त्या टोकाकडे असा पसरला की माझे डोळे भरून आले. देवाशपथ सांगतो, ज्याने पहिल्यांदा ही अक्षरं अशी मांडली त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

गुण एकदम दीडशेच्या घरात. डाव आमच्या खिशात. मी फोन होता तसा ठेवून दिला.

२५ फेब्रुवारी

बायकोला कळलं. मी आयुष्यात तिला इतकं पांढरंफटक पडलेलं बघितलं नव्हतं, ऑपरेशनच्या दिवशीही नाही.

"हे तुम्ही केलंत?"

"हो. आणि झकास केलं."

"अहो, ती…" खुर्चीवर बसून रडायलाच लागली. "कालपासून खेळली नाही ती. एकही डाव नाही. आताच का हो? आताच कशाला?"

एका अनोळखी नर्ससाठी एवढं? मला काही समजेना. पण चाळीस वर्षांची सोबत आहे, तिचं रडणं खोटं नसतं. मी मुकाट्याने व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालून आलो. तिला बरं वाटावं म्हणून दुसरं काय करणार?

२७ फेब्रुवारी

घरात चूल पेटली नाही. बायको सकाळपासून फोन मांडीवर घेऊन बसलीय. जेवत नाही, बोलत नाही. मी पोळी दुधात कुस्करून पुढे ठेवली, ती तशीच राहिली. खार आजही नाही.

अंधार पडता पडता लेकीचा फोन आला. या वेळी बायको स्वयंपाकघरात गेली नाही. "झालं? … सहा तास? … बरं. … बरं." फोन ठेवला आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसून राहिली, टाक्यांना धक्का न लावता. लेकीच्या घराचं काही मोठं काम काढलं होतं का विचारलं. "हो," म्हणाली. "मोठंच काम होतं."

मला भीती वाटते आहे. कशाची ते सांगता येत नाही. या घरात सगळ्यांना माहीत असलेलं काहीतरी आहे, आणि ते मीच तेवढं विचारत नाहीये.

५ मार्च

टिंग!

मी खुर्चीतून ताडकन उठलो, टाके विसरून. बायको भाजी टाकून धावत आली. दोघांची डोकी फोनवर आपटली.

खारीने 'ऑक्सिजन' लावला होता. पटावर आधीचा 'एन' होता, त्याला जोडून. 'एक्स' आणि 'वाय' एकाच शब्दात, आणि दुप्पट घर साधून! एवढ्या दिवसांत तिचा असा शब्द मी पाहिला नव्हता. ही खार तीच का, असं वाटावं. कुठून सुचला असेल? तोंडात बोट घालून बघत राहिलो.

"वाहवा!" मी ओरडलो. "हिला म्हणतात खेळाडू! आता हिच्याशी नीट खेळायचं. सोडायचं नाही."

बायको एकाच वेळी हसत होती आणि रडत होती. मग पदराने तोंड पुसून तिने आधी मला पाण्याचा पेला दिला, हृदयाची गोळी दिली, खुर्ची भिंतीला टेकवून दिली. म्हणाली, "बसा. आता सांगते."

६ मार्च

काल लिहिता आलं नाही. आज लिहितो.

खार म्हणजे माझी नात.

पाय मुरगळलेला नव्हताच. सायकलवरून पडून पाठीच्या मणक्याला मार बसला. जानेवारीपासून ती दवाखान्यात उताणी पडून आहे. मी इथे शिवला जात होतो, तेव्हा ती तिथे छत बघत होती. पायांत जोर नव्हता. सत्तावीसला ऑपरेशन झालं. चालेल की नाही, हे डॉक्टर तेव्हाही सांगू शकत नव्हते. मला धक्का बसू नये म्हणून दोघींनी मिळून हे सगळं पोटात ठेवलं.

बायकोला तिच्याशी बोलायला भाषा नाही. म्हणून हा खेळ. वीस शब्दांचं भांडवल घेऊन ही बाई एका लेकराच्या उशाशी बसून राहिली, समुद्र ओलांडून. रोज. आणि हरत राहिली, पोरीला तेवढंच बरं वाटेल म्हणून.

आधी मी रागावलो. नाही कसा म्हणू? मग खारीचे शब्द आठवले. बेड, पिलो, नर्स, पेन, सीलिंग. पोर मला सगळं सांगत होती. चाळीस वर्षं अक्षरं दाखवणाऱ्याला ती वाचता आली नाहीत. "काखेत कळसा," बायको म्हणाली. पुढचं तिने माझ्यावर सोडलं.

मी विचारलं, "आणि माझं ते होरायझन? ऑपरेशनच्या तोंडावर लेकराला हरवलं मी. गाढव आहे."

तेव्हा तिने लेकीला फोन लावून दिला. लेक म्हणाली, "बाबा, ऐका. ती त्याच्या आधी आठ दिवस जेवत नव्हती. एकदा मला म्हणाली, सगळे माझ्याशी मुद्दाम हरतात. आजी, डॅडी, नर्ससुद्धा. म्हणजे मी आता बरी होणार नाही ना?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि मग तुमचा तो शब्द आला. आधी फोन फेकला तिने. दिवसभर धुसफुसत होती. संध्याकाळी म्हणाली, हे आजी नाही. आजीच्या फोनवर दुसरं कोणीतरी आहे, आणि ते खरं खेळतंय. त्याला हरवल्याशिवाय मी सोडणार नाही. तपासण्यांसाठी फोन काढून घेतला होता, तरी ऑपरेशनला आत नेतानाही हेच बडबडत होती, बाबा. शुद्धीवर आली तेव्हा नाकावर नळी होती. नर्सला विचारलं हे काय आहे. ती म्हणाली, ऑक्सिजन. तर हिने आधी त्यातली अक्षरं मोजली."

मी फोन बायकोच्या हातात दिला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. छातीवर हात ठेवून. रिदम ठीक होता.

१४ मार्च

ती उभी राहिली. लेकीने फोनवर चित्र पाठवलं. दोन दांड्यांच्या मध्ये, दात ओठात रुतवून. पाय काटकुळे झालेत. मी भिंग घेऊन बघितलं. टाचा जमिनीला टेकलेल्या आहेत. दोन्ही.

आता आमचा डाव उघडपणे चालतो, माझ्या स्वतःच्या फोनवर. काल तिने मला हरवलं, आणि मी एकाही अक्षराची सूट दिली नव्हती. 'क्विझ' लावला पठ्ठीने, क्यू आणि झेड दोन्ही. तो माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मला दिसला नाही. हरल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता. पण तो दाखवला नाही, चांगल्या शिव्या घालून घेतल्या. खोट्याचा वास तिला लगेच येतो.

२० मार्च

तिथल्या व्यायामवाल्या बाईंनी एक युक्ती काढली आहे. फोन तिच्या उशाशी ठेवत नाहीत, खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला मेजावर ठेवतात. टिंग झालं, की मी काय लावलंय ते बघायला तिला उठून कुबड्या घेऊन तिथवर जावं लागतं. तिथे उभं राहून उत्तर लावायचं आणि परत यायचं.

हे ऐकल्यापासून मी शब्द लावायच्या आधी चष्मा पुसून घेतो. मी इथे खुर्चीत बसून सात अक्षरांतून एक शब्द करतो, आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला एक पोर पलंगावरून उठून चालायला लागते. 'ट्री' लावला तरी उठते, 'पॉट' लावला तरी उठते. तक्त्यावरची ती सुटी अक्षरं एवढं करू शकतील, असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला डोळे तपासून घे म्हटलं असतं.

आज सकाळी लेकीमार्फत नातीचा निरोप आला. आजोबा खुर्चीत बसून खेळतात, हे तिला कळलंय. आजीशिवाय कोण सांगणार? म्हणाली, हा अन्याय आहे. तो माणूसही आजारी आहे ना? त्याचाही फोन लांब ठेवा.

बायकोने लगेच माझा फोन नेऊन व्हरांड्याच्या पार टोकाच्या खिडकीत ठेवला. पदर खोचून दारात उभी आहे, जणू वॉर्डाची मुख्य नर्स. मी म्हटलं, ऊन आहे. ती म्हणाली, तिकडे बर्फ आहे.

टिंग झालं. उठतो.